अर्धं जातं

रेणुकादासला ठेच लागली ती सिंधूच्या दगडाची. दोष त्याचाच. तो चालत होता पुढं आणि बघत होता सिंधूकडं.

रझाकारांच्या धाकानं कंधारकडची माणसं लातूरला आली होती. मोहल्ल्याच्या समितीनं त्यांना डाळ मिलच्या आवारात आसरा दिला. हैदराबादचं कॉलेज बंद पडून घरी आलेली पोरंही समितीला येऊन मिळाली. धान्य समितीचं, हातपाय पोरांचे. रेणुकादासकडं पीठ वाटायचं काम होतं.

"लई लागलं का?" सिंधूनं हसू दाबत विचारलं.

"लागलं... पण हा जात्याचा वरचाच दगड. खालचा कुठाय?"

"गावी, जमिनीत बसवलेला. आई म्हणली, जातं उचल. घाबरल्या जिवानं जेवढं उचललं तेवढंच जातं!"

सगळं आवार तिला हसलं होतं. हा हसला नाही. रोज पीठ द्यायला यायचा आणि खोदून खोदून विचारायचा. खुंटा कुठल्या लाकडाचा? ओव्या कुणी शिकवल्या? एवढी चौकशी तर फौजदारही करत नाही! पण एखाद्या दिवशी तो आला नाही, की सिंधूला करमेना.

एकदा तो घामाघूम होऊन आला. हातगाडीवर खालचा दगड, नवा कोरा.

"पाथरवटाकडून घडवून आणला."

"परत न्या," सिंधू म्हणाली. "ह्यो बसला की माझं घर हितंच झालं. मला गावाकडं जायचंय."

"आणि मी...?"

सिंधू पदरानं वरच्या दगडावरची धूळ पुसू लागली. तिला गाव हवं होतं आणि हाही हवा होता.

भाद्रपदात निजामाचं राज्य गेलं. गावाकडं परतायला गाड्या जुंपल्या, तरी रेणुकादासचा पत्ता नाही. सिंधूचा जीव टांगणीला लागला. तेवढ्यात तो धावत आला आणि तिचा वरचा दगड उचलून गाडीत चढला. "जड आहे. पोचवून येतो."

गावी घराचं छप्पर जळालं होतं. राखेखाली खालचा दगड मात्र जागच्या जागी. त्यानं वरचा त्यावर बसवला, फिरवून पाहिला. केवळाबाई, सिंधूची आई, मूठभर ज्वारी शोधू लागली.

"मावशी, थांबा," म्हणत त्यानं खिशातून हळकुंडं काढली. कान लाल झाले होते. "पहिलं दळण... हळदीचं झालं तर?"

लग्नाची हळद! केवळाबाईनं तोंडाला पदर लावला. सिंधूनं खुंटा धरला.

"बसा की समोर. एकटीला न्हाई व्हायचं."

"अगं, बाप्या माणसाला दळण येतंय का?" केवळाबाई म्हणाली.

"शिकतील की," सिंधू म्हणाली, "इचारून इचारून!"