खाणीवरचं चांदणं

इन्व्हर्टर नको लावूस, कृतिका. बस इथे. धैर्यशील, तूही ये. ही गोष्ट माझ्याच ऑफिसातल्या दीनानाथांची आहे. आम्ही दिल्लीत आर. के. पुरमला एकाच ब्लॉकमध्ये राहायचो. बिल्कुल साधा माणूस. रिटायर झाल्यावर ऑइल पेंटिंगचा नाद लागला.

सोळा ऑक्टोबर दोन हजार चोवीस, बुधवार, कोजागिरी. मानेसरच्या पलीकडे डोंगरात दगडाची एक बंद खाण आहे, तळाशी पाणी साचलेलं. तिथलं चांदणं रंगवायला दीनानाथ आणि त्यांच्या मिसेस लताताई गाडीने गेले. आठ वाजले असतील. काठावर कॅनव्हास उभा केला. पाण्यावरचं चांदणं तुकड्यातुकड्यांचं असतं ना, म्हणून जाड रंगाचे बारीक बारीक फटकारे मारत होते.

खालून आवाज आला. ठक्. ठक्. दगडावर हातोडा पडावा तसा.

"काम चालू आहे वाटतं," लताताई म्हणाल्या.

"छे! सात वर्षं बंद आहे खाण."

त्यांनी ब्रश थांबवला. आवाज थांबला. दोन फटकारे मारले. खाली दोन घाव.

त्यांनी हात मागे घेतला... पण घाव पडतच राहिले. जवळ येत. आता हातच आवाजामागे धावू लागला. ब्रश मोडला. कॅनव्हास फाटला. मुठीत रंग खरवडायची सुरी आली.

"अहो, पुरे!" लताताईंनी त्यांचा दंड धरला.

हात वळला.

पहिला घाव खांद्यावर. दुसरा कपाळावर.

"लता, पळ! मी नाही मारत... मी नाही!"

ठक्. ठक्. ठक्.

दीनानाथांनी स्वतःला गाडीपर्यंत फरफटत नेलं. डाव्या हाताने दार उघडलं. उजवा हात फटीत घातला. आणि दार आपटलं. दोनदा.

हाडं वाजली.

खाण गप्प...

रक्ताळल्या चेहऱ्याने लताताईंनीच गाडी हॉस्पिटलपर्यंत चालवली. कपाळाला नऊ टाके. वाचल्या. दीनानाथांची तीन बोटं मोडली होती. डॉक्टरने रक्त पुसलं, तळहात उताणा केला आणि बघतच राहिला.

"अंकल, कितने साल पत्थर तोड़े?"

अरे, फाइली उचलण्यापलीकडे त्या हाताने काही केलं नव्हतं!

प्लास्टर निघाल्यावर मी स्वतः तो हात हातात घेऊन पाहिलाय. तळव्यावर घट्टे आहेत. जाड, पिवळे, जन्मभराचे.

डावा तळवा मऊ आहे.