सतरा नंबरचं मडकं

कमेंटमध्ये "छान रचलंय" लिहिणार असाल तर आधीच हात जोडते. मी यातलं काहीही रचलेलं नाही. जे झालं ते माझ्याच घरात झालं.

तारीख, मागच्या वर्षीची चौदा मे. यवतमाळकडच्या कळंबपासून सात-आठ किलोमीटरवर आमचा तांडा. आणि वेळ रात्रीची नव्हती.

भर दुपारचा एक वाजत होता.

माझी मुलगी पुष्पा तेव्हा पाच वर्षांची होती. नाव सासूबाईंच्या आईचं. चौथ्या वर्षी तिला शुगर निघाली. हो, लहान मुलांनाही होते. त्यांच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नाही, रोज सुया घ्याव्या लागतात. मी बीएस्सी झालेली आहे, तरी डॉक्टर समजावत होते तेव्हा मला एकच शब्द ऐकू येत होता.

जन्मभर.

तेव्हापासून मी नीट झोपलेली नाही. तिचा श्वास मोजत पडून राहते. माझा नवरा राजकुमार वणीला कोळशाच्या ट्रकवर असतो, पंधरा दिवसांनी येतो. घरात मी, पुष्पा आणि सासूबाई, बसंतीबाई.

इन्सुलिनची बाटली गरमीत खराब होते. घरी फ्रिज आहे, पण उन्हाळ्यात लाइन सहा-सहा तास नसते. यवतमाळच्या एका दवाखान्यात यावरच संशोधन चालू होतं. मोठ्या मडक्यात छोटं मडकं, मधे ओली रेती, वर ओलं फडकं. त्यात ठेवलेलं औषध विदर्भाच्या उन्हाळ्यात टिकतं का, हे त्यांना बघायचं होतं. आतल्या मडक्यात बटणाएवढं एक यंत्र असायचं. दर पंधरा मिनिटांनी ते तापमान नोंदवायचं.

सुचित्राताई, त्या संशोधनातल्या सिस्टर, मार्चमध्ये आमचं मडकं घेऊन आल्या. बाहेरून पांढऱ्या रंगानं आकडा टाकलेला होता... १७.

"रेतीत पाणी सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला," त्या म्हणाल्या. "मधे नाही. नाहीतर आमचा हिशोब चुकतो."

मी शब्दाला पक्की. मधे कधीच टाकलं नाही.

तरी दुपारी रेती ओली असायची.

पहिल्यांदा मी सासूबाईंना विचारलं.

"मी कायले टाकू?" बसंतीबाई भडकल्या. "तुह्या त्या डॉक्टरनीच्या मडक्याले मी हात नाई लावत बापा. एवढं शिकून मडक्याचीच पूजा करून राह्यली तू."

मग मी लक्ष ठेवायला लागले. मी स्वयंपाकघरात असले की माजघरातून आवाज यायचा... बादलीत गिलास बुडाल्याचा. मग रेतीत हळूच पाणी सोडल्याचा. घाई नाही. सांडू नये म्हणून सांभाळून टाकावं तसा.

मी धावत जायचे.

कोणीच नसायचं.

एप्रिलच्या शेवटी सुचित्राताईंनी त्या यंत्रातल्या नोंदी लॅपटॉपवर घेतल्या. रेघ बघता बघता त्यांचा चेहरा उतरला.

"तू दुपारी एकला पाणी टाकतेस?"

"नाही, ताई."

"रोज एकला तापमान खाली येतंय. रोज."

मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी लॅपटॉप मिटला. चहा अर्धाच ठेवून निघून गेल्या.

मग ती चौदा मे.

सकाळपासून पुष्पाला उलट्या होत होत्या. तीन झाल्या. भाकरीचा तुकडा नाही, दूध नाही. शुगर तपासायच्या पट्ट्या आदल्या दिवशीच संपल्या होत्या.

मी सुई भरली आणि हातात धरून बसले.

"टोचू नको तिले," सासूबाई म्हणाल्या. "पोटात दाना नाई लेकराच्या. सुई देशीन त शुगर उतरून जाईन. मांगच्या टायमाले कशी थरथरली होती, इसरली का?"

विसरले नव्हते. ते झटके मी डोळ्यांनी पाहिले होते. सुचित्राताईंनी बजावलं होतं की आजारी असली तरी सुई थांबवायची नाही, आधी फोन करायचा. पण त्या क्षणी मला फक्त ते झटके दिसत होते.

मी सुई खाली ठेवली.

बाटली परत मडक्यात ठेवली.

बारा वाजले. पुष्पा झोपली. मला वाटलं, बरं झालं, आराम पडला. सासूबाई समोर फकिराकाकांकडे लिंबू आणायला गेल्या. लाइन गेली. पंखा थांबला.

बाहेर झाडावर होले पक्षी घुमत होते. तेही थांबले.

आणि मग...

बादलीत गिलास बुडाला.

मी पुष्पाजवळच बसले होते. मडकं माझ्या पाठीमागे, चार हातांवर. मान वळवायची हिंमत होईना. रेतीत पाणी पडत होतं. मग झाकण सरकलं... मातीवर माती घासल्याचा आवाज.

मग काहीच नाही.

मी वळले. झाकण बाजूला ठेवलेलं. फडक्याची नीट घडी घातलेली. मी घडी कधीच घालत नाही.

पुन्हा पुष्पाकडे बघितलं, तर इन्सुलिनची बाटली तिच्या उशाशी होती. थंडगार. ओली.

आणि तिच्या फ्रॉकवर, पोटावर, जिथे मी सुई देते तिथेच... चार ओली बोटं उमटली होती.

माझ्या हाताहून लहान. पुष्पाच्या हाताहून मोठी.

मी तिला उचलून छातीशी धरलं, तेव्हा मला वास आला. तिच्या तोंडाला पिकून सडलेल्या फळासारखा वास येत होता. श्वास खोल, जोरात चालला होता. ती झोपलेली नव्हती. शुद्ध हरपत चालली होती तिची, आणि मी शेजारी बसून आराम पडला म्हणत होते.

मी सुचित्राताईंना फोन लावला.

"सुई थांबवली?" त्या ओरडल्याच. "काहून थांबवली? मी सांगते तेवढी आत्ता दे आणि निघ. गाडी बघ. एक मिनिट नको लावू!"

मी सुई दिली. फकिराकाकांच्या पोरानं मालवाहू गाडी काढली. घराला कुलूप लावून आम्ही तिघी यवतमाळला गेलो. पाच दिवस तिथेच होतो. डॉक्टर म्हणाले, सुई चुकल्यानं शुगर चढून रक्तात विष झालं होतं, संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर पोरगी हाती लागली नसती.

पाचव्या दिवशी पुष्पानं मुरमुरे मागितले. मी वॉर्डच्या जिन्यात जाऊन रडले.

तिथेच सुचित्राताई माझ्याशेजारी येऊन बसल्या. मी त्यांना बोटांचं सांगितलं.

"तुझं मडकं आधी दुसऱ्या घरी होतं," त्या म्हणाल्या. "राखी नाव होतं तिचं. नऊ वर्षांची. पाणी टाकायचं काम तिनं स्वतःकडेच घेतलं होतं. कितीदा सांगितलं, मधे टाकू नको. पण शाळेच्या मधल्या सुट्टीत, एकला, धावत घरी यायची आणि टाकायचीच. म्हणायची, माझी दवा तहानली असंल."

"मग?"

"उलट्या झाल्या. जेवत नव्हती, म्हणून आईनं दोन दिवस सुई दिली नाही." त्यांनी डोळे पुसले. "तूही तेच केलंस. सगळ्या आया हेच करतात गं. तुला मडकं बदलून देऊ का?"

मी नाही म्हटलं.

जूनमध्ये त्यांनी पुन्हा नोंदी काढल्या. आम्ही दवाखान्यात होतो त्या दिवसांच्याही. घराला कुलूप. किल्ली माझ्या पर्समध्ये. सकाळ-संध्याकाळ पाणी नाही, म्हणून तापमान चढत गेलेलं.

आणि रोज दुपारी एकला... खाली आलेलं.

सासूबाईंच्या पोटात गोष्ट राहत नाही. कळंबच्या बाजारात त्यांनी कोणाला तरी सांगितलं. आठवड्यानं एक बाई दारात उभी राहिली. हातात छोटा स्टीलचा गिलास.

"मी लालीबाई," ती म्हणाली. "राखीची याडी."

याडी म्हणजे आई. पुष्पाही मला याडीच म्हणते.

मी तिला आत घेतलं. ती मडक्यासमोर मांडी घालून बसली. सतरा आकड्यावरून बोट फिरवलं. चहा घेतला नाही.

"तिचा गिलास आनला," म्हणाली. "याच्यानंच टाके पानी."

पावणेएक झाला. एक झाला.

लालीबाईनं पदर तोंडाशी धरला होता. नजर मडक्यावरून हलत नव्हती.

सव्वा. दीड.

आवाज नाही. रेती कोरडी.

"थे नाई येत," दोन वाजता ती म्हणाली. "मी हावो म्हनून नाई येत. रागावली माह्यावर."

"तसं नाही हो, मावशी."

"त मंग कसं?" तिनं माझ्याकडे बघितलं. "दोन दिवस सुई मागत होती, बाई. याडी, सुई दे, याडी, सुई दे. मी म्हनलं, पयले भाकर खाय."

सासूबाई तोंड फिरवून आत गेल्या.

लालीबाई उठली. गिलास मडक्याजवळच ठेवला. "राहू दे इथंच," म्हणाली. पुष्पाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि उन्हात निघाली. मी दारात उभी राहून तिला बघत होते. ती बाभळीपर्यंत पोचली... आणि माझ्या मागे बादलीत गिलास बुडाला.

रेतीत पाणी पडायला लागलं.

हळूहळू. सांभाळून.

लालीबाई हाकेच्या अंतरावर होती. एक आवाज दिला असता तर ती पळत आली असती. माझं तोंड उघडलंसुद्धा.

पण मनात आलं... ही आईला भेटली आणि तिच्यासोबत निघून गेली, तर माझ्या पुष्पाकडे कोण बघेल?

मी गप्प उभी राहिले. लालीबाई रस्त्याला लागली, एसटी आली, ती चढली.

संशोधन आता संपलंय. मडकी ज्यांची त्यांना ठेवायला सांगितली आहेत. यंत्र त्यांनी काढून नेलं, त्यामुळे आता काही नोंदवलं जात नाही. मी रोज बादली भरून ठेवते. एक वाजला की पुष्पाला घेऊन दुसऱ्या खोलीत जाते. परत येते तेव्हा तो छोटा गिलास ओला असतो.

लालीबाईचा अधूनमधून फोन येतो. पुष्पा कशी आहे विचारते. मग थोडं थांबून विचारते, "आली होती काय?"

मी नाही म्हणते.