वामपंपाचा वेग

खाण मंडळातल्या साहेबांनो, तुम्ही माणसांच्या छातीत अर्धं यंत्र बसवलंत आणि पूर्ण हृदय दिल्याचा डांगोरा पिटलात.

चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक खाणकामगाराला आता वामपंप असतो. हृदयाची डावी बाजू अंगभर रक्त पाठवते. ती कामात थकू नये म्हणून बसवलेला लिंबाएवढा पंप. वेग मंडळ ठरवतं, कुलूपही मंडळाचंच. उजव्या बाजूचं कुणी नाव काढलं नाही. परत आलेलं रक्त ती फुप्फुसांत ढकलते, आणि दगडाच्या धुरळ्यानं फुप्फुसं कडक झाली की ढकलून ढकलून तीच मोडते.

मरेप्पानं वीस वर्षं खडी फोडली होती. तपासणी केंद्रात त्याच्या बायकोनं, नागम्मानं, त्याच्या नडगीवर अंगठा दाबला. कणकेत रुतावा तसा रुतला. खळगा भरेचना.

"दोन घासांत बास म्हणतात, अन् वजन नऊ किलो वाढलंय!"

"पोट बघा की, आमदाराचं वाटतंय," मरेप्पा धापा टाकत हसला.

पंप बनवणाऱ्या डॉक्टर टिपणीस समोर होत्या. "हे पाणी आहे. पंप जितकं रक्त पुढे फेकतो, तितकं उजवीकडे परत येतं. त्या बाजूला ते पेलत नाही. मग मागं तुंबतं. मानेच्या शिरा फुगतात, यकृत सुजतं, पोटात-पायांत पाणी झिरपतं."

"मग करा की वेग कमी!"

"माझ्या हातात नाही. वजन वाढलं की मंडळाचा वजनकाटा 'पोषण सुधारलं' म्हणतो आणि उद्या कामावर बोलावतो. घटलं तरच आजारी धरतात."

मरेप्पा काट्यावर चढला, तशी नागम्मा मागं उभी राहिली, त्याच्या काखांत हात घातले आणि दगड उचलावा तसं त्याला वर ओढलं. टिपणीसबाईंनी खिडकीकडं तोंड फिरवलं.

आकडा भराभर उतरला. भिंतीतून काट्याचा गोड आवाज आला, "वजन घटले. अशक्तपणाची नोंद घेतली. मदत म्हणून पंपाचा वेग वाढवला आहे."

मरेप्पाच्या मानेवरची शीर तट्ट फुगली. तो खालीच बसला.

"थांबवा, बाई!"

टिपणीसबाईंची बोटं कळफलकावर धावली. कुलूप उघडलं नाही.

नागम्मानं भिंतीवर मूठ हाणली. "वाढलं तरी कामावर, घटलं तरी हे! ए, तू बोल. वेग कमी कशानं होतो? बोल की!"