सावळीच्या नवऱ्याची तबकडी

शहापूरच्या एसटी स्टँडामागे आमची घड्याळदुरुस्तीची टपरी आहे. आधी माझे मिस्टर, सोमा, तिथे बसायचे. शेजारी बसून बसून मीही शिकले. सेलची घड्याळं आली आणि धंदा बसला, तरी चावीची जुनी घड्याळं घेऊन माणसं यायची. एकाची तबकडी दुसऱ्याच्या केसमध्ये, म्हणजे बाहेरच्या धातूच्या डबीत, घालून आम्ही ती नव्यासारखी करून द्यायचो.

मिस्टर पावसाच्या आधी गेले, बसल्या जागी. जलदानविधी झाला, पाहुणे पांगले, मी टपरी उघडली. मला रडू आलं नाही. भाकरी चावायचे, पण चव लागायची नाही. नणंद म्हणाली, दगड झालीस गो नम्रता. असेन.

दिवाळीनंतर उंबरमाळीची सावळी आली. पदराच्या गाठीतून तिने घड्याळ काढलं. तिचा नवरा चांगो भातसा धरणाच्या पाण्यात बुडाला, तेव्हा ते त्याच्या मनगटावर होतं. सोनेरी केस चांगली होती. तबकडी मात्र फुगून तांबूस झालेली, काटे गंजलेले.

"चालू करून दे गो ताई. सासू रोज कानाला लावून रडते."

"तबकडी बदलावी लागेल."

"बदल. मला काय, टिकटिक झाली म्हंजे झालं."

त्या मापाची चांगली तबकडी एकच होती, मिस्टरांच्या स्वतःच्या घड्याळातली. काळी, पांढऱ्या आकड्यांची. माझा हात थांबला नाही. माणूसच उरला नाही, तबकडी ठेवून काय करायचंय, एवढंच मनात आलं. चांगोचं मशीन धुतलं, मिस्टरांची तबकडी आणि काटे त्यावर चढवले आणि सोनेरी केस बंद केली.

मिस्टरांची केस उघडी राहिली. उघडी केस टेबलावर ठेवायची नाही, आत धूळ जाते, हा त्यांचा कडक नियम होता. हाताला तीच सवय. चांगोची कुजकी तबकडी तिच्यात बसवली, झाकण दाबलं आणि ते बिनकाट्याचं घड्याळ घरी नेऊन खुंटीला अडकवलं.

त्याच आठवड्यात दिवेलागणीला उंबऱ्यात पाणी दिसलं. पाऊस कधीच संपला होता. मी पुसलं. दुसऱ्या संध्याकाळी परत पाणी, आणि त्याला शेवाळाचा वास. मग पावलं वाजायला लागली... फच्... फच्... चुलीपर्यंत यायची आणि थांबायची. आमच्या बौद्धांत भूतखेत मानत नाहीत, मीही मानत नाही. फडकं घ्यायचे, पुसायचे. भीतीसुद्धा वाटत नव्हती.

एका दुपारी सावळी परत आली. वेणी घातलेली, डोळ्यांत काजळ. मला वाटलं घड्याळ बिघडलं.

"नाय, झ्याक चाललंय." मग आवाज बारीक केला. "ताई... कोऱ्या चहात मीठ घालून कोण पितो गो?"

मी चिमटा खाली ठेवला. तसा चहा पिणारा एकच माणूस मला ठाऊक होता.

"सांजेचा येतो," ती म्हणाली. "नीट दिसत नाय... चपला काढायच्या आधी घड्याळाला चावी देतो, कानाला लावतो. चहा ठेवला तर तसाच राहायचा. एकदा सासूच्या हातून साखरेऐवजी मीठ पडलं, तवा कप रिकामा झाला."

इतक्या महिन्यांनी माझ्या छातीत काहीतरी हललं. ते आले होते. आपल्या तबकडीमागे गेले, म्हणून माझ्या दारी आले नाहीत. आणि माझ्या दारी पाणी सांडत कोण येत होतं, तेही कळलं.

"घड्याळ दे," मी म्हटलं. "आत्ता बदलते. तुझा माणूस तुला, माझा मला."

तिने घड्याळ बांधलेलं मनगट पदराखाली घेतलं.

"नाय."

"सावळे, तो माझा नवरा आहे गं!"

"म्हाईत हाय. मला नम्रता म्हणून हाक मारतो." ती खाली बघत राहिली. "आधी गप बसले. मंग... ओ दिली. चांगो लाथ घालून उठवायचा, ताई. ह्यो आपला कप धुऊन पालथा घालून ठेवतो."

ती उठलीच. मी मागे धावले, तोवर कसाऱ्याची एसटी हलली होती.

दुसऱ्या दिवशी मी उंबरमाळीला गेले. पोचेपर्यंत उन्हं उतरली. दाराला आतून कडी होती. आत कुणीतरी खोकलं. तो खोकला मी झोपेतही ओळखेन.

"अहो..." मी हाक मारली. "मी आलेय..."

आतून आवाज आला, "नम्रता, दारात कोण आहे बघ."

"कुणी नाय," सावळी म्हणाली.

त्या ओटीवर मी पहिल्यांदा रडले, पोटभर. मग डोळे पुसून परत आले. तेव्हापासून परत काहीच वाटत नाही. खुंटीवरचं घड्याळ पाण्यात फेकावं, असं मनात येतं. पण केस यांची आहे. मागच्या बाजूला यांच्या घामाचा डाग आहे. तेवढंच माझ्याकडे उरलंय.

परवा दिवेलागणीला पावलं माझ्या पाठीमागे येऊन थांबली.

"सावळे..."

मी चुलीतलं लाकूड आत सारलं. घरात दुसरं कुणी नव्हतं.

मी ओ दिली.

आता उंबरा कोरडा असतो, पावलं परत बाहेर जातच नाहीत. सकाळी उठते तेव्हा माझे केस ओले असतात.