निरंक

दिवा राहू द्या, पोरांनो. अंधारात सांगायला मलाच नको वाटतं. ही हकीकत माझ्या साडूची. त्याच्या बायकोलाही ती पुरती ठाऊक नाही.

साडू सरकारी पाहणीदार होता. दोन वर्षं लागोपाठ पूर आला, तेव्हा नदीचा गाळ काढून तिला खोल करायचं ठरलं. त्याआधी पाण्यात उतरायचं, तळ हाताने चाचपायचा आणि तिथे काय काय जिवंत आहे ते लिहून द्यायचं, हे साडूचं काम. पण स्वारी अंगाला जपणारी. पाणी गार, पँट नवी! त्याने पुलावरूनच नदीवर नजर टाकली आणि ‘पाण्यातील जीव’ या रकान्यात लिहिलं, निरंक. म्हणजे काहीच नाही. तेवढ्या एका शब्दावर पहिला टप्पा खरवडून निघाला.

सतरा तारीख, मंगळवार, रात्रीचे पावणेअकरा. दुसऱ्या टप्प्याचा कागद पोकलेनच्या ऑपरेटरला नेऊन द्यायचा होता. त्यावरही तेच लिहिलेलं. सकाळी सहाला काम सुरू होणार होतं. काठच्या रस्त्यावर चिखल, म्हणून स्कूटर लावून साडू पायी निघाला. डाव्या हाताला गाळाचे घराएवढे ढीग होते. वासाने डोकं उठत होतं.

टक्.

खडा घरंगळला असेल.

टक्... टक्...

त्याने टॉर्च मारला. ढीगभर शिंपले. काही मेलेले, काही अजून उघडझाप करत पाणी शोधणारे. एकेक शिंपला वाढायला वीस-वीस वर्षं लागतात, हे त्याला शिकवलेलं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली. इतकी, की त्याने टॉर्च विझवला.

अंधुक चांदण्यात ढिगावर कुणीतरी बसलं होतं.

पाठमोरं. ओंजळीत काही गोळा करत.

“कोण आहे?”

“कोण आहे, म्हणतो!”

मान वळली नाही. आवाज मात्र थेट कानाशी आला. ओला.

“साहेब... एवढे निरंक... ठेवू कुठे?”

‘चुकलं’ म्हणायचं होतं. पण तो पळत सुटला.

ऑपरेटरने काठावरच्या खोलीचं दार उघडलं. “काय रे, काय झालं?”

साडूला कागद फाडून टाकायचा होता. पण मग आधी कबूल करावं लागलं असतं, की मी पाण्यात उतरलोच नव्हतो. “काही नाही, दमलो जरा,” असं म्हणून त्याने कागद पुढे केला.

तो ऑपरेटर म्हणजे मी. पाच वर्षांनी दवाखान्यातल्या खाटेवर पडल्या पडल्या त्याने मला हे सांगितलं आणि भिंतीकडे तोंड केलं. तोवर नदीतले मासे गेले होते, पाणी कायमचं गढूळ झालं होतं. पूर काही थांबला नाही. उलट खालच्या वस्तीत तो तासभर आधी पोचायला लागला.

तो कागद हातात आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं, ते मात्र मी त्यालाही सांगितलं नाही.

पोकलेनच्या केबिनला कुलूप होतं. किल्ली रात्रभर माझ्या उशाखाली. दार उघडलं, तर सीटवर पाणीच पाणी... आणि त्यात एक शिंपला.

जिवंत.

बकेटमधून शिंपले पडताना मला रोज दिसत होते, रे. मी कधी कुणाला विचारलं नाही. त्या दिवशीही नाही. शिंपला बाहेर फेकला, सीट पुसली, मशीन सुरू केलं. दिवसभर रणरणत्या उन्हात दुसरा टप्पा खणला.

संध्याकाळी उतरलो. मागे वळून पाहिलं.

माझी पँट कोरडी ठणठणीत होती. सीट मात्र ओलीच...