प्रीतमचा आवाज

बोईसर स्टेशनबाहेर शेअर रिक्षात वैष्णवी शेवटी चढली, म्हणून कडेची जागा तिच्या वाट्याला आली. श्रावणातली सर आडवी आत येत होती. शेजारच्या तरुणाने तिच्या पुढून हात लांबवला आणि छत्री उघडून बाहेरच्या बाजूला धरली…

"हात दुखेल तुमचा," ती बऱ्याच वेळाने म्हणाली.

"दुखतोच हाय," तो समोर बघत म्हणाला. "पण आता मिटली तर तुमी म्हणाल, एवढ्यात दमला."

हसू दाबता दाबता तिची पंचाईत झाली.

ती पालघरच्या एका छोट्या वृत्तवाहिनीची बातमीदार. खाडीत मेलेले मासे तरंगतायत, असं कळलं म्हणून निघाली होती. तो प्रीतम तांडेल, चिंचणीच्या मच्छीमाराचा मुलगा, तारापूरला एका केमिकल कंपनीत कामाला. माशांचं नाव निघताच त्याने नजर वळवली. बापाच्या धंद्याचं दुःख असेल, असं तिला वाटलं.

मग भेटी वाढल्या. चिंचणीच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली तो बोलत राहायचा आणि ती ऐकत राहायची. किंचित घोगरा, वाक्याच्या शेवटी हसू लपवणारा आवाज. गावच्या भजनात तोच सगळ्यांच्या वर चढायचा.

"बातमीदारीणबाई, मला पण प्रश्न विचारायचाय," तो एकदा म्हणाला.

"विचार की."

"नको… तू बातमीत टाकशील."

ती लाजली. वाळूत रेघोट्या ओढत बसली.

आणि एका संध्याकाळी त्याने सांगून टाकलं. पाऊस जोरात आला की सुपरवायझर सांगतो आणि कंपनीचं घाण पाणी नाल्यात सुटतं, तिथून खाडीत. "वॉल्व्ह मीच उघडतो, वैष्णवी. बापाच्या जाळ्यात मेलेले मासे येतात ते माझ्या हातचे."

तिने रेकॉर्ड करू का विचारलं. तो कचरला. नाव, चेहरा, आवाज, काहीच बाहेर जाणार नाही, असा तिने शब्द दिला. तिच्याकडे बघत तो हळूहळू बोलला.

संपादक रूपेशसरांनी पुरावा मागितला. फक्त ऐकायला, असं म्हणाले. क्षणभर तिचं बोट फोनवर थबकलं… पण खाडीची बातमी तिला हवी होती. तिने पाठवलं.

संध्याकाळच्या बातम्यांत प्रीतमचा आवाज जसाच्या तसा वाजला. ती धावत रूपेशसरांच्या केबिनमध्ये गेली. आवाज बदलला तर लोकांना बातमी खोटी वाटते, असं सर शांतपणे म्हणाले. तिने तिथल्या तिथे नोकरी सोडली, पण आवाज गावभर पोचला होता. चिंचणीला तो ओळखायला वेळ लागला नाही.

कंपनीने त्याला काढलं. पाणी त्याने स्वतःच्या मनाने सोडलं, असं जाहीर केलं. सुपरवायझरचा हुकूम तोंडीच होता. वैष्णवी दारोदार सांगत फिरली, पण तिची साक्ष कुणालाच नको होती. कोळीवाड्यात प्रीतमच्या बापाशी लोक बोलेनासे झाले. चार दिवस नाला स्वच्छ वाहिला, मग पुन्हा फेसाळला.

प्रीतमने गुजरातेत, वेरावळला मासेमारी बोटीवर कामाला जायचं ठरवलं. ती बोईसरला, एसटी स्टँडवर त्याला गाठायला गेली. माफी मागितली. मग म्हणाली, "माझं प्रेम आहे तुझ्यावर. हे आधीच सांगायला हवं होतं…"

त्याने बॅग खाली ठेवली.

"माझं पण हाय. जात नाय ते. राग येतो, तरी जात नाय."

"मग थांब ना. आपण लढू."

"तू वाईट नाय. मला माहीत हाय." त्याने बॅग खांद्यावर घेतली. "पण तुझ्यासमोर काय बोलायचं म्हटलं की आता भीती वाटते. अशा माणसाबरोबर संसार कसा करायचा, सांग."

एसटी लागली. खिडकीशी बसून त्याने तिच्याकडे पाहिलं, ओठ हलल्यासारखे वाटले… आणि त्याने ते मिटून घेतले. गाडी निघेपर्यंत ती खाली उभी राहिली. त्याला काही विचारायची तिची हिंमत झाली नाही.