‘मग?’ कोण म्हणालं

घशाच्या ऑपरेशननंतर बायकोला घरी आणताना लेखकाने वाटेत गाडी थांबवली आणि स्टेशनरीच्या दुकानातून एक पाटी आणि खडूंची पेटी घेतली. डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून बजावलं होतं, "एकवीस दिवस एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुजसुद्धा नाही. जखम उघडली तर आवाज कायमचा गेला समजा." घरी येताच बायकोने पाटीवर लिहिलं, "आता काय, तुमचीच चैन." तो पोट धरून हसला.

चैन कसली! उलट त्याचीच पंचाईत झाली होती. कादंबरी पुढे कशीही लंगडू दे, याची पहिली ओळ वाचली की माणूस पुस्तक खाली ठेवत नाही, अशी याची ख्याती. छापखान्यात तर त्याला ‘पहिली ओळ’ असंच म्हणायचे. पण त्यातली खरी गोम नवराबायकोलाच ठाऊक होती. दुपारी हा बाहेरच्या खोलीत टेबलाशी बसून ओळ मोठ्याने वाचायचा. आतल्या खोलीत आडवी झालेली बायको नुसतं "हं" म्हणाली, की कागद टोपलीत. "मग?" म्हणाली, की ओळ पक्की. सव्वीस वर्षं हेच चाललं होतं. आता नवी कादंबरी अडली होती आणि प्रकाशकबाई रोज फोन करत होत्या, "पहिलं पान तरी पाठवा हो."

चौथ्या दुपारी सवयीनेच त्याच्या तोंडून ओळ गेली. "ज्या दिवशी विहीर बुजवली, त्याच दिवशी तिच्यातून पहिली हाक आली."

आतून आवाज आला, "मग?"

तो खूश झाला. पुढचे दोन शब्द लिहिले, आणि पेन तसंच टाकून उठला. धावत आत गेला. बायको भिंतीकडे तोंड करून झोपली होती.

"अगं, बोललीस ना? वेड लागलंय का तुला?"

ती डोळे चोळत उठली. पाटी ओढली. "मी नाही."

"सव्वीस वर्षं ऐकतोय, तुझा आवाज ओळखणार नाही मी?"

तिने त्याखाली लिहिलं, "पण तुम्ही वाचता कशाला?"

खरं म्हणजे तिथेच वाचणं बंद करायला हवं होतं. पण ओळ झकास जमली होती, आणि दुसरी कशी होते ते बघायची त्याला खाज सुटली. दुसऱ्या दिवशी त्याने अगदी हळू वाचली. तरी "मग?" आलंच. त्यानंतर घरात संशय शिरला तो शिरलाच. बायको चोरून बोलते आणि वर खोटं लिहिते, असं त्याला वाटायचं. तो दाराच्या फटीतून तिच्या ओठांवर डोळा ठेवायचा. तीही त्याच्याकडे विचित्र नजरेने बघायची. एकदा तिने लिहिलं, "तुम्ही माझा आवाज काढता का? खरं सांगा." त्याने तिच्या गळ्याची शपथ घेतली, आणि घेताक्षणी ती घ्यायला नको होती असं त्याला वाटलं.

नवव्या दिवशी त्याने तिला बाहेर टेबलाशेजारी स्टुलावर बसवलं. तिने स्वतःच दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. आतलं दार सताड उघडं होतं. रिकामी गादी, चुरगळलेली चादर, सगळं दिसत होतं. औषधाचा उग्र वास येत होता. त्याने ओळ वाचली.

बायकोने हात आणखी घट्ट दाबले.

"मग?"

आवाज गादीकडून आला. आजारापूर्वीचा, स्वच्छ, थोडासा हसरा. बायकोने तोंडावरचे हात काढून पाटी ओढली. खडू मोडेपर्यंत दाबून तिने लिहिलं, "परत वाचू नका." त्याने कबूल केलं. पण खोटं कशाला बोला, ती आंघोळीला गेली असताना त्याने आणखी तीन वेळा वाचलं. पहिलं पान प्रकाशकबाईंना गेलं. त्या फोनवर नुसत्या नाचत होत्या.

एकविसाव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी घसा तपासला. जखम छान भरली होती. "हं, बोला आता."

बायकोने तोंड उघडलं. नुसता वारा आला. तिने पुन्हा प्रयत्न केला, मानेच्या शिरा फुगल्या, डोळ्यांत पाणी आलं.

"इथे तर काहीच बिघडलेलं नाही," डॉक्टरीणबाई पुन्हा पुन्हा आत बघत म्हणाल्या. "आवाज यायलाच हवा…"

घरी आल्यावर तो टेबलाशी बसून लहान मुलासारखा रडला. "माझंच चुकलं गं. माझ्या हावेपायी गेला तुझा आवाज." ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिचा राग कधीच फार टिकत नसे.

तेवढ्यात आतल्या खोलीतून तिचा आवाज आला. सावकाश, बरोबर त्याच्या वाचण्याच्या ढंगात.

"बायकोचा आवाज परत आणायचा एकच मार्ग होता, आणि तो त्याला त्याच दुपारी कळला…"

एवढंच. आत कुणीतरी वाट बघत होतं.

गळ कसा टाकतात हे त्याला शिकवायला नको होतं. जन्मभर त्याने तेच केलं होतं. बायकोने झडप घालून त्याच्या तोंडावर हात दाबला आणि जोरजोरात मान हलवली, नको, नको. त्याने तिच्या गळ्यावरचा ताजा व्रण बघितला. तिचा हात हळूच बाजूला केला.

"मग?" तो म्हणाला.

खालच्या मजल्यावर कपडे शिवणाऱ्या बाई हल्ली गिऱ्हाइकांना सांगतात, "वरच्या दोघांचं अगदी दृष्ट लागण्यासारखं आहे. दुपारभर गप्पा. तो सांगतो, ती ऐकते. फक्त एक कळत नाही, भाजीला खाली येतात तेव्हा दोघांच्याही हातात पाटी का असते?"

काल दुपारी ते दोघं बाईंच्या डोळ्यांदेखत फाटकाबाहेर गेले. वरचं बोलणं थांबलं नाही. बाईंनी मशीन बंद केलं आणि कान दिला. वर नुकतीच एक नवी गोष्ट सुरू होत होती.